शर्ट इन, पेपर आउट, तात्या ऑफ

इंग्रजांच्या घरात दूध, दिवा, बॉम्ब आणि गजर या चौघांचं काम एकाच क्रियापदावर भागतं: गो ऑफ. दूध ‘गो ऑफ’ झालं म्हणजे नासलं. दिवा ‘गो ऑफ’ झाला म्हणजे विझला. बॉम्ब ‘गो ऑफ’ झाला म्हणजे फुटला. आणि गजर ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजायला लागला. आता ‘गो’ म्हणजे जाणे आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद, एवढं आपल्याकडे दुसरीतल्या पोरालाही येतं. त्या हिशेबाने गजर बंद पडून कुठेतरी निघून जायला हवा. पण इंग्रजाचा गजर ऑफ होतो तेव्हाच खरा ऑन होतो. तो ऐकून इंग्रजाने उठायचं असतं आणि भाषा शिकणाऱ्याने डोक्याला हात लावून बसायचं असतं.

या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. गो, गेट, पुट, टेक, मेक असं एखादं साधंभोळं क्रियापद घ्यायचं, त्याला इन, आउट, अप, डाउन, ऑफ यांपैकी एक शेपूट जोडायचं आणि नवा अर्थ तयार झाला असं जाहीर करायचं. मूळ शब्दाशी त्याचं नातं असलं तर असलं. खरी गोम अशी, की कठीण शब्द आला तर माणूस निदान सावध होतो, शब्दकोश उघडतो. इथे दोन्ही शब्द ओळखीचे. ‘गिव्ह’ ठाऊक, ‘अप’ ठाऊक, तेव्हा ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे असणार, या भरवशावर तो बिनधास्त पुढे जातो. मग बऱ्याच वेळाने उलगडा होतो, की समोरच्या माणसाने सिगारेट सोडली आहे, वरच्या मजल्यावर कुणाला दिलेली नाही.

आपल्या लोकांची पंचाईत जरा वेगळीच होते. आपल्याला अवघड इंग्रजी सोपं जातं आणि सोपं अवघड. याला कारण इतिहास. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कचेरीत फ्रेंच आणि लॅटिन येऊन बसल्या. शेतकरी, सुतार, स्वयंपाकीण यांच्या तोंडी मात्र जुनीच बोली राहिली. पुढे दोन्ही एकत्र नांदू लागल्या, पण भांडी वेगळी ती वेगळीच. साहेब ‘पोस्टपोन’ करतो, त्याचा माळी ‘पुट ऑफ’ करतो. साहेब ‘टॉलरेट’ करतो, माळ्याची बायको ‘पुट अप विथ’ करते. आपल्याकडे इंग्रजी आलं ते कचेरीच्या दाराने. त्यामुळे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आमच्या आजोबांना ‘एक्स्टिंग्विश’ तोंडपाठ होतं, आणि ‘पुट आउट’ म्हटलं की ते काहीतरी उचलून अंगणात नेऊन ठेवत. लंडनमध्ये दिवा मालवायला सांगताना ‘काइंडली एक्स्टिंग्विश द लॅम्प’ म्हणणारा मराठी गृहस्थ आणि लक्ष्मी रोडवर रिक्षावाल्याला ‘कृपया वाहन स्थगित करावे’ म्हणणारा परदेशी पाहुणा, हे एकाच शाळेत शिकलेले असतात.

त्या शाळेतलं दुसरं पुस्तक म्हणजे रेन आणि मार्टिनचं व्याकरण. यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. 1924 साली त्याची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी आली आणि गाजली. तिच्यात त्याने तीन भावांना फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये भरती करून सहारा वाळवंटात पाठवलं. भारतातल्या पोरांना त्याने आणि मार्टिनने व्याकरणात पाठवलं. त्या भावांपैकी एक तरी सुखरूप घरी परतला.

‘पुट’ या एका शब्दाचा संसार बघण्यासारखा आहे. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे. पण पुट ऑफ म्हणजे अंगातून काढणे नव्हे, तर लांबणीवर टाकणे; कपडे काढायला टेक ऑफ लागतं, जे विमानही करतं. पुट डाउन म्हणजे खाली ठेवणे, अपमान करणे आणि आजारी कुत्र्याला डॉक्टरकडून कायमची झोप देणे. या तिन्हींत गोंधळ झाला तर निदान कुत्र्यासाठी फार वाईट. पुट अप म्हणजे भिंतीवर टांगणे, किंवा पाहुण्याला घरी उतरवून घेणे, आणि पुट अप विथ म्हणजे त्याच पाहुण्याला सहन करणे. इंग्रजांच्या आदरातिथ्याचा अख्खा इतिहास त्या एका ‘विथ’मध्ये आला आहे.

या पुट अपचं सर्वांत भरभराटीला आलेलं रूप मात्र इंग्लंडमध्ये नाही, आपल्या सरकारी कार्यालयात आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 सालचा. टिपणीवर ‘सादर’ असं शुद्ध मराठीत लिहितात. पण तोंडाने विचारा, उत्तर एकच: “फाइल पुटअप केलीय.” हे उत्तर देणाऱ्याचा चेहरा कर्तव्यपूर्तीने उजळलेला असतो, कारण पुटअप केलेली फाइल आता त्याची राहिलेली नसते. ती वर गेलेली असते. वर ती पुट ऑफ होते, मग दुसऱ्या फाइलखाली पुट डाउन होते, आणि या सगळ्याला पुट अप विथ करायला खाली बाकावर अर्जदार असतोच. लॅटिन शब्द वापरून हे नाट्य चार ओळींत बसवून दाखवा.

इंग्रजांना स्वतःला आपल्या या शेपटांची जाणीव उशिरा झाली, हे मला फार दिलासा देणारं वाटतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने कबुली दिली, की क्रियापदामागे असं चिमुकलं अव्यय लावून अर्थ फिरवण्याची आपल्या भाषेला खोड आहे आणि परक्या माणसाला याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. त्रास कळला, पण त्रासाला नाव नव्हतं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते 1925 साली, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकामुळे. आणि नाव सुचवण्याचं श्रेय त्याने ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या हेन्री ब्रॅडलीला दिलं. म्हणजे निम्म्या जगावर राज्य पसरून झाल्यावर साहेबाला कळलं, की आपण रोज काय बोलतो त्याला काहीतरी म्हणायला हवं. त्या ऑक्सफर्ड कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद कुठल्या भारदस्त शब्दाची नाही, ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाची आहे. सेट अप, सेट ऑफ, सेट इन, सेट आउट अशी शेपटांची वरात मागे असल्यावर दुसरं काय होणार?

शिवाय शेपूट कुठे ठेवायचं याचे नियम वेगळे. कोट ‘पुट ऑन’ करता येतो. पण त्याच कोटाला ‘तो’ म्हटलं, की तो मधे घुसतो: ‘पुट इट ऑन’. ‘पुट ऑन इट’ म्हणालात, तर कशावर तरी काहीतरी ठेवायला सांगताय असं वाटतं. आजोबांचं मात्र असं करता येत नाही. आजोबांना ‘लुक आफ्टर’ करतात, आणि त्यांचं ‘ते’ केलं तरी ते शेवटीच राहतात. मधे घेतलं तर वाक्य मोडतं. कुठलं क्रियापद वेगळं राहतं आणि कुठलं एकत्र, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. आपण बोलून काय उपयोग म्हणा. शब्दाला घट्ट चिकटून बसणाऱ्या प्रत्ययाला ‘विभक्ती’ म्हणणारे आपण.

आणि अप-डाउनची दिशा तर विचारूच नका. घर ‘बर्न डाउन’ होतं, कागद ‘बर्न अप’ होतो, राख दोन्हींची होते. फॉर्म ‘फिल इन’ करा किंवा ‘फिल आउट’ करा, आत-बाहेरचा काही फरक नाही, एकाच चौकटीत नाव लिहायचं. ‘नॉक अप’चं तर एका समुद्राने वाटोळं केलं. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ दार ठोठावून उठवणे, अमेरिकेत बाईला गरोदर करणे. इंग्लंडच्या गिरणगावांत ‘नॉकर-अप’ नावाचा पेशाच होता. पहाटे लांब काठीने कामगारांच्या खिडक्या वाजवायच्या आणि त्यांना पाळीला उठवायचं. एखाद्या प्रतिष्ठित नॉकर-अपने अमेरिकेला जाऊन आपला व्यवसाय सांगितला असता, तर काय प्रसंग ओढवला असता याची कल्पना करवत नाही. आमच्या परळ-लालबागला गिरणीचा भोंगा होता. तो कुठल्याही देशात गेला असता तरी भोंगाच राहिला असता.

आता हे असलं सामान मराठी माणसाच्या हातात आल्यावर त्याने काय केलं?

पहिल्या फेरीत त्याने भीतभीत अख्खी जोडी उचलली, तिचं नाम केलं आणि पुढे ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडून मोकळा झाला. चेकअप करणे, फॉलोअप घेणे, ब्रेकअप होणे, पॅचअप करणे, दहावीच्या पोरांना सेंड ऑफ देणे. इंग्रजीत ‘मेक अप’ म्हणजे भांडण मिटवणे, थाप रचणे, राहिलेलं भरून काढणे आणि चेहरा रंगवणे. आपण त्यातला चेहरा तेवढा घेतला. थापांच्या बाबतीत आपण आधीच स्वयंपूर्ण होतो. ‘पिकअप’ गाडीला बसवला आणि उतारावरसुद्धा न पळणाऱ्या स्कूटरबद्दल ‘हिला पिकअप नाही’ असं वाक्य तयार केलं. ‘रन आउट’ला आपण इतकं धावचीत मानलं, की इंग्रज यजमानीण ‘साखर रन आउट झाली’ म्हणाली तर पहिला प्रश्न मनात येतो, थ्रो कोणाचा? आणि 2020 च्या मार्चमध्ये आलेला ‘लॉकडाउन’ आपण एका दिवसात पचवला. लॉकडाउन लागला, वाढला, शिथिल झाला, उठला. कलम 144 ची सगळी क्रियापदं त्याला बसली.

पण मराठी प्रतिभेचं खरं दर्शन दुसऱ्या फेरीत आहे. तिथे आपण क्रियापद फेकून दिलं आणि नुसतं शेपूट ठेवलं.

शर्ट खोचण्याला इंग्रजीत ‘टक इन’ म्हणतात. आपल्या शाळांत त्यातलं ‘टक’ कधी पोचलंच नाही. प्रार्थनेच्या रांगेत पी. टी. चे सर ओरडतात, “शर्ट इन कर!” आणि शर्ट इन होतो. पुढे याचं ‘इनशर्ट’ झालं. “इनशर्टमध्ये ये, पाहुणे येणार आहेत.” शर्टाच्या आत काही नाही, शर्टच आत आहे, तरी इनशर्ट. इंग्रजाचं ‘टक इन’ पोराला पांघरूण घालायला आणि ताटावर तुटून पडायलाही लागतं. आमचं ‘इन’ फक्त शर्टाचं. कामाची वाटणी स्वच्छ.

‘आउट’चं करिअर मोठं. क्रिकेटमध्ये फलंदाज आउट होतो, ते जगभर होतं. पण महाराष्ट्रात परीक्षेच्या आदल्या रात्री पेपरही आउट होतो, आणि हळदीच्या रात्री नवरदेवाचा मामा आउट होतो. तिघांपैकी एकच पॅव्हेलियनमध्ये परत जातो. पेपर सगळ्या जिल्ह्यात फिरतो आणि मामा जागेवरून हलत नाही.

‘डाउन’ आपण सर्व्हरला दिला. सातबारा काढायला जा, उत्पन्नाच्या दाखल्याला जा, खिडकीतून दोन शब्द मिळतात: “सर्व्हर डाउन.” क्रियापदच नाही, त्यामुळे कोणी केला हा प्रश्नही उरत नाही. याच डाउनला अप जोडून रेल्वेच्या कृपेने आपण ‘अपडाउन करणे’ हे धंदेवाईक क्रियापद घडवलं. गावात नेमणूक असलेले कर्मचारी तालुक्याहून अपडाउन करतात. मुख्यालयी राहण्याचा नियम असतो, त्याचा भत्ता असतो, आणि अपडाउन असतं. ‘कम्यूट’ म्हटलं की कसं कंपनीच्या बसमध्ये बसल्यासारखं वाटतं. अपडाउनमध्ये वडापची जीप आहे, जेवणाचा डबा आहे, आणि साडेपाचच्या गाडीसाठी पावणेपाचला सुरू झालेली चुळबुळ आहे.

आणि ‘ऑफ’. पंखा ऑफ करतात, मूड ऑफ होतो, इथवर ठीक. पण आमच्याकडे फोन वाजतो आणि पलीकडून चुलतभाऊ खालच्या आवाजात सांगतो, “तात्या ऑफ झाले.” यापुढे कुणी काही विचारत नाही, थेट ‘कधी न्यायचंय’ एवढंच. इंग्रजाने मरणासाठी ‘पास अवे’ हा हळुवार शब्द काढला, त्यात माणूस जणू बागेतून चालत पलीकडे जातो. आम्ही माणसाला बटण लावलं. पण विनोद बाजूला ठेवून सांगतो, ‘वारले’ म्हणताना ज्याचा गळा दाटतो तो ‘ऑफ झाले’ एका दमात म्हणून टाकतो, म्हणून तर तो शब्द टिकला.

हे सगळं अडाणीपणाचं इंग्रजी, असं नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. माझा अंदाज उलटा आहे. इंग्रजी जोडीत जीव शेपटात असतो. पुढचा गो, गेट, पुट हा नुसता ओझं वाहणारा. ‘पुट आउट’, ‘गो आउट’, ‘टर्न आउट’ असं कितीही बदला, दिवा शेवटी आउटनेच जातो. शंभर पानांची व्याकरणं वाचून हे कळायला वेळ लागतो. आमच्या पी. टी. च्या सरांनी ते शिट्टी तोंडात असतानाच ओळखलं आणि ओझंवाल्याला गेटावरूनच परत पाठवलं. ओझं वाहायला आपल्याकडे ‘करणे’ आणि ‘होणे’ हे दोघे बिनपगारी होतेच.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत मात्र उलटा प्रवाह आहे. तिथे शेपटं आणि डोकी दोन्ही परत आली आहेत. ‘याला लूप इन कर’, ‘क्लायंटला रिच आउट हो’, ‘मी ड्रॉप ऑफ होतोय’. सकाळी ‘स्टँडअप’ नावाची बैठक असते. तिच्या नावातच उभं राहणं आहे. सगळे बसलेले असतात, आणि घरून काम करणारा एखादा आडवाही असतो.

या उत्साहात आपण कधीकधी गरज नसतानाही शेपूट लावतो. इंग्रज ‘कोप विथ’ म्हणतो, आपण ‘कोप अप विथ’. भाजीवाली पावशेर वांग्यांवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते तसा हा ‘अप’, मागितलेला नसतो, पण नाही म्हणवत नाही. ‘पास आउट’ हा त्याहून धोक्याचा. आमचे इंजिनिअर अमेरिकेत अभिमानाने सांगतात, की मी 1998 ला पास आउट झालो. ऐकणारा मनातल्या मनात हिशेब करतो, की हा माणूस बेशुद्ध पडून इतकी वर्षं झाली आणि अजून कोणी पाणी मारलं नाही?

तरी इंग्रजांना हसताना आवाज बेताचा ठेवलेला बरा. त्यांची शेपटं अव्ययांची, आपली क्रियापदांची, एवढाच फरक. ‘करणे’ आणि ‘बसणे’ ही दोन निरुपद्रवी क्रियापदं. पण ‘तो लग्न करून बसला’ म्हटलं, की त्यात कोणी खाली बसलेलं नसतं, पण घरातले सगळे उठलेले असतात. ‘बोलून गेला’ तो कुठे जात नाही, तिथेच पस्तावत उभा असतो. ‘खाऊन टाक’ म्हणजे खायचं असतं, टाकायचं काही नसतं. ‘सांगून ठेवतो’ ही माहिती नाही, धमकी आहे. पुस्तक ‘दिलं’ तर परत मागता येतं, ‘देऊन टाकलं’ तर नाही. हे कोणत्या वर्गात शिकवलं आपल्याला?

समजा, एक जर्मन विद्यार्थी पुण्यात मराठी शिकायला आला आहे. जर्मनांची क्रियापदं तुटून त्यांचा तुकडा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. त्या प्रकारावर मार्क ट्वेनने 1880 मध्येच यथेच्छ तोंडसुख घेतलं आहे. तेव्हा शेपटांना घाबरणारा हा गडी नव्हे. त्याने ‘लागणे’ हे क्रियापद वहीत उतरवलंय. ठेच लागते, भूक लागते, वेड लागतं, आग लागते. इथवर सगळं दुखणंच आहे, म्हणून तो खुशीत. पुढे नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं. वहीत तो प्रश्नचिन्ह काढतो. मी त्याला सांगेन, की पुसू नकोस, राहू दे. डोळा लागतो म्हणजे झोप येते आणि डोळे लागतात म्हणजे झोप उडते, इथे मात्र तो पेन्सिल खाली ठेवतो.

मग कुणीतरी त्याला सुट्टीत कोकण दाखवायला न्यायचं ठरवतं. स्वारगेटच्या स्टँडवर गर्दी आहे. शेजारी एक जोडपं उभं आहे; बाईंच्या एका हातात अर्धं लिंबू, दुसऱ्यात घडी केलेली प्लॅस्टिकची पिशवी. जर्मन वही उघडून तयार आहे. मागून एक आजोबा त्या गृहस्थाला विचारतात, “काय हो, रत्नागिरी लागली का?”

“अजून नाही,” गृहस्थ म्हणतात. “पण लागली की हिला लागणार.”